भिंतीतले निळे स्क्रू

गेल्या महिन्यात पूनम सागर सोसायटीतल्या आमच्या घरी सुतार आला होता. हॉलच्या भिंतीवर एक जुनी फळी लावून घ्यायची होती. नेमकी त्याच जागी आमच्या आधीच्या मालकानं कधीतरी काहीतरी टांगलेलं असणार, कारण प्लास्टर थोडं खरवडल्यावर विटेत तुटून राहिलेले दोन स्क्रू दिसायला लागले. डोकी गायब, नुसते गंजलेले बुडखे. सुतारानं हातोडी उचलली आणि म्हणाला, "आंटी, इसको ठोक के अंदर कर देता हूँ. ऊपर से पुट्टी मार देंगे, दिखेगा भी नहीं." मी म्हटलं, "नहीं, निकालना पड़ेगा." "टाइम जाएगा आंटी." "जाने दो. मेरा ही टाइम है ना." त्यानं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की म्हातारीचं डोकं फिरलेलं दिसतंय. मग तो चहा प्यायला खाली गेला, आणि मी बाल्कनीतल्या डब्यातून माझी ग्रिप पक्कड काढली. ही पक्कड माझ्या लग्नाच्या आधीपासून माझ्याजवळ आहे. नवऱ्याला मी कधी हात लावू दिला नाही तिला. बुडख्यांभोवती खोबरेल सोडलं आणि स्टूलवर बसून राहिले. खरं तर याला माशाचं तेल हवं. पण आमच्या मजल्यावर माशाच्या तेलाचा डबा उघडला असता तर सोसायटीची तातडीची मीटिंगच बसली असती.

तेल मुरायला वेळ लागतो. त्या वेळात मी चौकला जाऊन आले. म्हणजे मनानं. उत्तनच्या पुढचं चौक, आमचं गाव. आता रिक्षा थेट दारात जातात, तेव्हा भाईंदरहून येणाऱ्या बसमधून उतरून वाळूतून चालत घरी यावं लागायचं. आमचं घर गावाच्या अगदी कडेला. पुढे बोंबील सुकवायच्या बांबूच्या वलांड्या आणि त्यांच्यापलीकडे लगेच दर्या. वलांड्यांवर बोंबील जोडीजोडीनं लटकलेले असले की वाऱ्यानं त्यांचा बारीक खडखड आवाज यायचा, आणि त्या आवाजात आम्ही जेवायचो, भांडायचो, झोपायचो. मला सासरी गेल्यावर पहिले कित्येक दिवस झोप लागेना, तेव्हा सासूबाईंना वाटलं सूनबाईला माहेरची माणसं आठवतायत. माणसं नव्हे हो, बोंबील.

घर आमच्या बानं स्वतः बांधलं होतं. बा म्हणजे माझे वडील. एका होडीचा मालक, आणि होडीच्या बाबतीत अतिशय काटेकोर माणूस. होडीला लोखंडाचा एक खिळा चालायचा नाही. तांब्याचे खिळे, पितळेचे स्क्रू, लाकडाला वर्षातून एकदा माशाचं तेल. खलाशांपैकी कुणी चुकून लोखंडी हूक लावला तर बा तो उपटून पाण्यात फेकायचा आणि म्हणायचा, "दर्या लोखंड खातो. मंग तुला खाईल." हाच माणूस घराच्या बाबतीत मात्र एकदम उदार. भिंतीच्या विटा भाईंदरहून आणल्या, सिमेंट आणलं, आणि वाळू? वाळू आणायला लांब कशाला जायचं, दारात ढीग पडलाय. किनाऱ्यावरची वाळू पाट्या भरभरून आणली आणि घातली सिमेंटात. आयनं तेव्हाच म्हटलं होतं म्हणे, की ही खारी वाळू हाय, गोड्या पान्यानं धुऊन तरी घ्या. त्यावर बाचं उत्तर आमच्या घरात पुढे म्हणीसारखं वापरलं जायचं: "घर काय पान्यात जानार हाय?"

घर पाण्यात गेलं नाही, पण पाणी घरात आलं. समुद्राकडच्या भिंतीला बारा महिने ओल असायची. उन्हाळ्यात तिच्यावर पांढरी पूड फुलायची आणि आम्ही मुलं ती बोटानं पुसून एकमेकांच्या अंगावर उडवायचो. त्याच भिंतीवर, खिडकीच्या खाली, माझी फळी होती.

ही फळी म्हणजे माझं राज्य. मी आठवीत गेले तेव्हा बानं ती लावली. मोडीत निघालेल्या एका होडीची सागवानी फळी, जाडजूड, तांब्याच्या खिळ्यांची जुनी भोकं तशीच, आणि त्या भोकांच्या कडेला हिरवट डाग. पेन ठेवलं की घरंगळत जाऊन एका ठरावीक भोकात अडकायचं. खालून दोन लोखंडी कोन, आणि ते कोन भिंतीत बसवलेले निळ्या स्क्रूंनी. हे निळे स्क्रू माझ्या मामानं आणले होते. मामा मोठ्या बोटीवर नोकरीला. सुट्टीवर आला की साबण, टॉर्च, सेंट असलं काय काय आणायचा, आणि त्या वर्षी त्यानं बासाठी एक पुडा आणला. लांब, निळ्या रंगाचे, दातेरी स्क्रू. आधी भिंतीत लाकडाची गुट्टी ठोकायला नको, काही नको, थेट विटेत पिळायचे. बानं पहिला स्क्रू पिळला तेव्हा बघायला अर्धं गाव जमलं होतं. स्क्रू विटेत सरसर शिरला तशी सगळ्यांनी मान डोलावली. मामा इतका खूश झाला की जणू त्याचा शोध त्यानंच लावला होता.

त्या फळीवर मी तीन वर्षं अभ्यास केला. संध्याकाळी आय भाईंदरच्या बाजारातून मासे विकून यायची. पाटी उतरवायची, उजवा खांदा दाबत ओट्यावर जरा बसायची आणि मग चुलीला लागायची. सुक्या जवल्यात कांदा पडला की त्याचा वास थेट माझ्या गणितात यायचा. तांदळाच्या भाकरीची थापथाप चालू असायची. आय लिहायला-वाचायला शिकलेली नव्हती, पण मी फळीपाशी बसले की ती घरातल्या सगळ्यांचा आवाज खाली आणायची. माझा मोठा भाऊ मोरेश्वर, त्याला मी दादूस म्हणायचे, तो रेडिओ लावायला गेला की ती नुसतं त्याच्याकडे बघायची. एवढं पुरायचं. मला त्या घराबद्दल आज जे वाटतं ते सगळं त्या कोपऱ्यात गोळा झालंय. फळी, खिडकी, ओली भिंत, जवल्याचा वास. एवढं माझं स्वतःचं असं मला पुढे कधीच काही मिळालं नाही, तीन खोल्यांचा फ्लॅट घेऊनसुद्धा.

माझी दहावीची परीक्षा संपली आणि दादूसचं लग्न ठरलं. घरात धांदल सुरू झाली. आमची आत्या, बाची थोरली बहीण, पंधरवडाभर आधीच मुक्कामाला आली. आत्या म्हणजे आवाज. ती आली की वलांडीवरचे कावळे उडायचे. तिनं येताच सगळ्या घराचा ताबा घेतला आणि एका दुपारी लग्नासाठी मागून आणलेली पितळेची भांडी, हंडे, कळश्या, परात, सगळं माझ्या फळीवर रचलं. मी नुकतीच बाहेर बोंबील उलटायला गेले होते. आतून असा काही आवाज आला की शेजारची माणसं धावत आली. फळी खाली, हंडे घरभर, आणि आत्या मधोमध उभी, दोन्ही हात वर. भिंतीतून दोन्ही कोन निसटले होते. स्क्रूंची निळी डोकी जमिनीवर पडली होती आणि बुडखे भिंतीत राहिले होते. काही बोटाच्या पेरभर बाहेर, काही अगदी भिंतीबरोबर, काही आत खोल. निळा रंग फक्त डोक्यांवर शिल्लक होता. बाकी सगळा गंज.

"मी ठेवली म्हनून न्हाय पडली," आत्या सगळ्यांच्या आधी बोलली. "तिचा टाइमच भरला होता. आनि बरा झाला. पोरीची साला संपली, तशी फली पन गेली. देवाचीच खून हाय ही."

सगळे हसले. मलाही हसू आलं, पण अर्ध्यावरच थांबलं. कारण मी पुढे शिकणार की नाही हे घरात कुणी अजून उघड बोललंच नव्हतं. मला भाईंदरच्या कॉलेजात अकरावीला जायचं होतं. आमच्या आळीतली एकही मुलगी तोवर गेली नव्हती. आणि आयचा खांदा खरोखर दुखत होता, हे मला रोज दिसत होतं. तिला बाजारात जोडीला कुणीतरी हवं होतं. दादूसची बायको घर बघेल आणि हिरा, म्हणजे मी, आयबरोबर बाजारात बसेल, हे आत्यानं परस्पर ठरवून टाकलं होतं आणि त्यात वाईट असं काही नव्हतं. आमच्यात बाप आणि भाऊ मासे मारतात, आई आणि मुली विकतात, हे असंच चालत आलंय. मी वैतागले ते त्यामुळेच. कुणी दुष्ट असतं तर भांडता तरी आलं असतं.

बा संध्याकाळी होडीवरून आला. भिंत बघितली, फळी बघितली, एक "हं" केलं. बा मुळात बोलायचा कमी. जे काय ठरवायचं ते तो दर्यावर ठरवायचा आणि घरी येऊन फक्त करायचा. त्यानं दादूसला सांगितलं, "बुडखे ठोकून आत घाल. वरून सिमेंट फिरव. रंगवाला येनार हाय." लग्नाआधी आमच्याकडे घराला रंग लागतोच. पिवळा, निळा, गुलाबी, जितका भडक तितकं घराचं नाक वर. फळीबद्दल तो एक शब्द बोलला नाही. फळी त्यानं उचलली आणि बाहेर वलांडीला टेकवून ठेवली. रात्रभर मला खिडकीतून ती दिसत राहिली.

दुसऱ्या दिवशी दादूसनं हातोडी घेतली आणि पहिल्या बुडख्यावर घाव घातला. बुडखा आत गेला, पण वाकडा गेला, आणि विटेचा एक तुकडा सुटून त्याच्या पायावर पडला. नवरदेवानं पाय धरून अख्ख्या घरात उड्या मारल्या. मला मात्र एकच दिसत होतं. बुडखे ठोकले तर ती जागा मेली. तिथे पुन्हा कधीच काही बसणार नाही, ना स्क्रू, ना गुट्टी. बुडखे निघाले तर भोकं राहतील. आणि भोकं राहिली तर फळीला अजून जागा आहे. हे मी कुणाला बोलून दाखवलं नाही. मी म्हटलं, "दादूस, आत गंज ठेवून रंग दिलास तर डाग बाहेर येईल. लग्नातच येईल. तुजे सासरवाले बघतील." दादूसच्या पायाला लागलं होतं आणि लग्नाच्या कामांनी तो आधीच कावला होता. त्यानं होडीच्या इंजिनाच्या पेटीतली ग्रिप पक्कड माझ्या हातात ठेवली. "तूच काढ मंग. पन रंगवाल्याच्या आधी." तीच ही पक्कड. पेटीत परत कधी गेलीच नाही.

पहिल्या दिवशी मी नुसती ओढाओढ केली. पक्कड घट्ट लावायची, दोन्ही पाय भिंतीला टेकवायचे आणि मागे रेटायचं. एक बुडखा आणखी आत तुटला आणि मी सपशेल पाठीवर पडले. आय तांदूळ निवडत बसली होती. ती उठली, कोपऱ्यातला बाच्या माशाच्या तेलाचा डबा घेऊन आली, देवाच्या दिव्यासाठी वळून ठेवलेल्या कापसाच्या वाती आणल्या, आणि एकेक वात तेलात भिजवून बुडख्याभोवती गुंडाळायला लागली. अगदी शांतपणे, जसं काही रोजचंच काम. घरभर तो कुबट वास पसरला. आत्यानं नाकाला पदर लावला, पण आयपुढे ती बोलली नाही.

"गल कसा काढतंस माशाच्या तोंडातून?" आयनं मला विचारलं.

"आधी आत दाबतो," मी म्हटलं.

"मंग? खेचलास तर जबडा फाटतो. हितं पन तसाच. आधी जरा घट्ट कर, मंग सैल कर. परत घट्ट, परत सैल. त्याला वाटला पायजे आपन त्याला ठेवतोय."

वाती दिवसभर तशाच ठेवल्या. दुसऱ्या दिवशी मी पक्कड लावून आधी उजवीकडे एक केसभर फिरवली. कर्र. मग डावीकडे. पुन्हा उजवीकडे. आणि अचानक तो हलला. ते पहिलं हलणं मला आजही मनगटात जाणवतं. मग मी इतकी सावकाश फिरवली की मध्ये आयनं चहा ठेवला आणि तो निवला. बुडखा बाहेर आला तो लाल, झिजलेला, मध्येच दाभणासारखा बारीक झालेला. मी तो तळहातावर ठेवून आयला दाखवला. तिनं त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "माझ्या खांद्यात पन असाच काहीतरी हाय." आणि हसली.

भिंतीबरोबर तुटलेले होते त्यांना धरायला काही नव्हतं. त्यांच्या तोंडावर मी लोखंड कापायच्या पात्याच्या तुकड्यानं खाच पाडली आणि खाचेत पेचकस घालून फिरवले. जे खोल होते त्यांच्याभोवती खिळा आणि हातोडीनं हळूहळू वीट कोरली, भुगा फुंकून काढला, तेवढी जागा केली की पक्कडीचं तोंड आत जाईल. दुपारी सगळे झोपलेले असायचे, दर्याकडून वारा यायचा, वलांड्या वाजायच्या आणि मी भिंतीशी नाक लावून बसलेली. असं वाटायचं की एवढी भिंत निभावली तर बाकी सगळं निभेल. वयच तसं होतं. आज मी कुठल्याच भिंतीकडून एवढी अपेक्षा ठेवत नाही.

त्या कोरण्यातच मला शिंपले सापडले. विटांच्या सांध्यातलं सिमेंट भुगा होऊन पडत होतं आणि त्या भुग्यात शिंपल्यांचे बारीक बारीक तुकडे. मी बोटाला भुगा लावून जिभेवर ठेवला. खारट. मिठाच्या खड्यासारखं नव्हे, पण चांगलं खारट. मामाच्या स्क्रूंचा काही दोष नव्हता. बानं दर्या भिंतीत कोंडून ठेवला होता आणि तो आतून लोखंड खात होता.

बा आला तेव्हा मी त्याला म्हटलं, "बा, भिंत खारी हाय." तो थांबला. भोकात बोट घालून त्यानंही भुगा चाखला. कितीतरी वेळ तो तिथे उभा राहिला, बोट तोंडाजवळ. मग त्यानं मी ओळीनं खिडकीत ठेवलेले बुडखे एकेक करून उचलून बघितले, पुन्हा जागच्या जागी ठेवले आणि हातपाय धुवायला गेला. आत्या म्हणाली, "बघ, भावाला पन पटला. आता भर ती भोका." शेवटचा एक बुडखा तेवढा राहिला होता, दादूसनं वाकडा ठोकलेला. तो काही केल्या निघेना. मी तो सोडून दिला.

रंगवाला आला तो भाईंदरचा एक वयस्कर चाचा. त्यानं सगळं घर फिरून बघितलं, लांबीचा, म्हणजे पुट्टीचा, डबा उघडला, पत्रा हातात घेतला आणि माझ्या भिंतीपुढे उभा राहिला. "ये छेद भर दूँ क्या?"

"भर दो, भर दो," आत्या म्हणाली. "यहाँ पे शादी का फोटो लगेगा बड़ा."

मी दारात उभी होते. तेवढे दिवस मनात केलेली सगळी भाषणं कुठल्या कुठे गेली. बा ओट्यावर जाळं शिवत बसला होता, त्यानं मान वर केली नाही. चाचानं पत्र्यावर लांबी घेतली. आणि चुलीपाशी पाठमोरी बसलेली आय, न वळता, बोलली, "भोका तशीच ठेवा."

आत्या म्हणाली, "अगो, आनि बाजार? तुजा खांदा?"

"माजा खांदा माजा मी बघीन," आय म्हणाली. "तिची फली लावा."

बानं सुई जाळ्यात खोचली. उठला. कमरेच्या रुमालाची गाठ सोडली आणि रुमाल खिडकीत पसरला. त्यात पितळेचे स्क्रू होते, जाड, काळपट, खाचांत हिरवं साचलेलं, आणि त्यांच्याबरोबर सागवानाच्या तासून आणलेल्या गुट्ट्या, माशाच्या तेलात भिजवलेल्या. म्हणजे आय बोलायच्या आधीपासूनच ते त्याच्या कमरेला होतं. आयनं आता मागे वळून बघितलं, आधी रुमालाकडे, मग त्याच्याकडे. तिचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता.

"कुठं मिळाले?" मी विचारलं.

"भाईंदरला," बा म्हणाला. आणि चाचाला म्हणाला, "वो छेद रैने दो. बाकी सब मारो. गुलाबी मारो."

मी मोकळ्या केलेल्या भोकांत त्यानं गुट्ट्या ठोकल्या. एकेक भोक फुंकून, बोट घालून बघून, मगच. वाकड्या बुडख्यापाशी त्यानं कोन जरा सरकवून घेतला. पितळेचे स्क्रू पिळले आणि फळीवर स्वतः दोन्ही हात टेकून अंगाचा सगळा भार टाकला. फळी हलली नाही. लग्नात गुलाबी भिंतीवर, फोटोच्या जागी, माझी काळी फळी. आत्यानं येईल त्या पाहुण्याला सांगितलं, "ती आमच्या हिराची. ती कालेजात जानार हाय." जणू कल्पना तिचीच होती. मी अकरावीला गेले, पुढेही शिकले, नोकरीला लागले, आणि आयनं पुढे कित्येक वर्षं एकटीनं पाटी वाहिली. तिच्या खांद्याचं ऋण माझ्याकडून फिटलेलं नाही आणि फिटेल असं मी मानत नाही.

बा गेला, मग आयही गेली. अलीकडे दादूसच्या मुलानं ते घर पाडून नवं बांधायला काढलं. भिंत पडायच्या आधी मी फळी सोडवून आणायला गेले. पितळेचे स्क्रू पेचकस लावताच फिरले, काल बसवल्यासारखे. अंगणात धाकलूकाका बसला होता. बाच्या होडीवरचा सगळ्यात जुना खलाशी, आता डोळ्यांनी अधू. फळी त्याच्यासमोर ठेवली तशी त्यानं ती हातानं चाचपली, मग स्क्रू चाचपले, आणि हसायला लागला.

"हे आमचे हायत, गो."

"कुणाचे?"

"होडीचे. केबिनात आमची चायची फली होती. तुज्या बान एक दिवस ती खोलली. आमी इचारला काय करतंस, तर बोल्ला, पितलेचा काम हाय. आनि त्या जागी लोखंडी स्क्रू लावले. लोखंडी! तुज्या बान, होडीवर! आमाला वाटला याच्या डोक्यावर परिनाम झाला." तो डोळे पुसत हसत होता. "पुढच्या मोसमात फली पडली ना, सगली चाय माज्या मांडीवर. मंग तो परत लोखंडीच लावायचा, आनि ती परत पडायची. आमी चाय हातात धरून प्यायला शिकलो. पितल घे ना रे, बोल्लो, तर बोल्ला, हाय तिथं बरा हाय."

मी त्या अंगणात वाळूत बसले आणि रडले. धाकलूकाकाला दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं. तो हात पुढे करून माझं डोकं शोधत राहिला.

तर सुतार चहा पिऊन वर आला तोवर माझे दोन्ही बुडखे निघाले होते. आधी घट्ट, मग सैल. त्यानं नव्या प्लास्टिकच्या गुट्ट्या आणि चकचकीत स्टीलचे स्क्रू काढले. मी त्याला पितळेचे स्क्रू बांधलेला माझा रुमाल दिला. "ये लगाओ." "ये तो पुराना है आंटी." "हाँ. यही लगाओ." त्यानं खांदे उडवले आणि लावले. तो गेल्यावर मी चहा केला. दोन कप. एक माझा, आणि एक, काठोकाठ भरलेला, फळीच्या अगदी कडेला ठेवला. मग दोन्ही हातांनी फळी जोर लावून हलवून पाहिली. एक थेंब सांडला नाही.